शास्त्रज्ञ नायिका आणि लोकप्रिय कादंबरी

एखाद्या काळीं समाजाच्या मनांत काय चाललें होतें हें जाणून घ्यावयाचें असेल, तर त्या काळच्या थोर ग्रंथांपेक्षां त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या चाळून पाहाव्या. थोर ग्रंथ समाजाला पुढें ओढीत असतो. लोकप्रिय कादंबरी समाजाबरोबर चालते. दुपारच्या फावल्या वेळीं माजघरांत, आगगाडीच्या डब्यांत, रात्रीं उशाशीं दिवा ठेवून जी वाचली जाते, तिच्यांत समाजाच्या आवडीनिवडी, त्याच्या शंका आणि त्याचीं भयें हीं सर्व न सांगतां उमटलेलीं असतात. त्या दृष्टीनें पाहतां, प्रयोगशाळेंत काम करणारी स्त्री कादंबरीकारांनीं कशी रंगविली हा विषय केवळ वाङ्मयाच्या आवडीचा राहत नाहीं. घरांतील हुशार मुलीनें विज्ञानाची शाखा घ्यावी कीं न घ्यावी, घेतली तर किती वर्षें शिकावें, आणि शिकून झाल्यावर पुढें काय करावें, ह्या प्रश्नांचीं जीं उत्तरें घरांतील वडील मंडळी देतात, त्यांत स्वतःच्या अनुभवाचा भाग थोडा असतो. कोठेंतरी वाचलेल्या, ऐकलेल्या किंवा पडद्यावर पाहिलेल्या गोष्टींचा भाग पुष्कळ असतो.

स्त्रीवाद हा शब्द उच्चारतांच कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. पुरुषांशीं उभें वैर, संसाराचा तिरस्कार, असा कांहींतरी त्याचा अर्थ त्यांच्या मनांत असतो. वस्तुतः त्याचा अर्थ अगदीं साधा आहे. जन्मानें स्त्री असणें किंवा पुरुष असणें ही निसर्गाची योजना होय. परंतु स्त्रीनें चूल सांभाळावी व पुरुषानें चोपडी सांभाळावी, ही समाजानें केलेली कामाची वांटणी होय. ही वांटणी सृष्टिक्रमासारखी अटळ न मानतां, ती कोणीं केली, केव्हां केली आणि कोणाच्या सोयीसाठीं केली, असें विचारणें म्हणजे स्त्रीवाद. हा प्रश्न विचारण्यास विज्ञानाइतकें योग्य क्षेत्र दुसरें क्वचितच सांपडेल. तराजूच्या पारड्यांत पदार्थ ठेवणारा हात कोणाचा आहे, ह्यावर त्या पदार्थाचें वजन अवलंबून नसतें. सूक्ष्मदर्शकाला जो डोळा लावावा त्याला तो सारखेंच दाखवितो. असें असूनहि, गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांच्या लोकप्रिय कथावाङ्मयानें शास्त्रज्ञ स्त्रीला पुन्हां पुन्हां एकच प्रश्न विचारलेला दिसतो : तूं शास्त्रज्ञ आहेस हें ठीक, पण मग तूं स्त्री उरली आहेस काय? हाच प्रश्न उलटा करून पुरुष शास्त्रज्ञाला विचारावा, असें मात्र कादंबरीकाराला सहसा सुचत नाहीं.

इंग्लंडचे सुप्रसिद्ध कादंबरीकार एच्. जी. वेल्स ह्यांची ‘ॲन व्हेरोनिका’ ही कादंबरी १९०९ सालीं प्रसिद्ध झाली. वेल्स ह्यांचें स्वतःचें शिक्षण विज्ञानाचें. तरुणपणीं लंडनमध्यें थॉमस हक्सले ह्यांच्यापाशीं ते जीवशास्त्र शिकले होते. त्यामुळें प्रयोगशाळेचें वातावरण त्यांना परकें नव्हतें. त्यांची नायिका लंडनच्या एका उपनगरांतील वकिलाची मुलगी. वय एकवीस. तिला जीवशास्त्राचा पुढील अभ्यास करावयाचा आहे, आणि वडिलांना तो पसंत नाहीं. गंमत अशी कीं, वडील स्वतः फावल्या वेळीं सूक्ष्मदर्शकाखालीं दगडांचे पातळ काप पाहण्यांत रमून जाणारे गृहस्थ आहेत. परंतु जी गोष्ट बापाच्या बाबतींत निर्दोष करमणूक ठरते, तीच मुलीनें गंभीरपणें हातीं घेतली कीं मर्यादेचा भंग ठरतो. मुलगी घर सोडते, कर्ज काढते, तौलनिक शरीररचनेच्या प्रयोगशाळेंत नांव घालते, मताधिकारासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांबरोबर पार्लमेंटवर चालून जाते, आणि तुरुंगवासहि भोगते. त्या काळच्या सभ्य समाजाला हें पुस्तक इतकें झोंबलें कीं, ‘स्पेक्टेटर’ ह्या वजनदार साप्ताहिकानें त्याला विषाची उपमा दिली.

पण ह्या बंडखोर कादंबरीचा शेवट कसा होतो? प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यांना प्रयोग दाखविणारा केप्स नांवाचा एक शिक्षक आहे. त्याच्यावर नायिकेचें मन बसतें. त्याचें पूर्वीं लग्न झालेलें असून तो पत्नीपासून विभक्त राहत असतो. दोघें आल्प्स पर्वतांत निघून जातात. शेवटच्या प्रकरणांत चार वर्षें उलटलेलीं आहेत. दोघांचा रीतसर विवाह झाला आहे, केप्स नाटककार म्हणून नांवारूपाला आला आहे, रुसलेले वडील जेवावयास आले आहेत, आणि नायिकेला दिवस गेले आहेत. सर्व गोड झालें. सूक्ष्मदर्शक तेवढा कोठें दिसत नाहीं. ज्या अभ्यासासाठीं मुलीनें घर सोडलें, त्या अभ्यासाचें पुढें काय झालें हें सांगण्याची गरज लेखकाला वाटली नाहीं. विज्ञान ही प्रेमाच्या माडीवर जाण्याची शिडी होती. माडीवर पोंचल्यावर शिडीची आठवण कोण ठेवतो?

हीच वर्षें पॅरिसमध्यें मारी क्यूरी ह्यांच्या कर्तृत्वाचीं होतीं. १९०३ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें होतें. १९०६ सालीं त्यांचे पती पिएर ह्यांना रस्त्यावरील अपघातांत मृत्यु आला. त्यांच्या जागीं सॉर्बोन विद्यापीठांत बाई शिकवूं लागल्या. दोन मुली त्यांनीं वाढविल्या आणि प्रयोगशाळाहि चालविली. १९११ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एकट्या त्यांना मिळालें. म्हणजे संसार आणि संशोधन हीं एका म्यानांत राहूं न शकणाऱ्या दोन तलवारी होत, असें जें कादंबरी सुचवीत होती, तें प्रत्यक्षांत खोटें पडलें होतें. अडचण होती ती निराळीच. त्याच १९११ सालच्या जानेवारींत फ्रेंच विज्ञान अकादमीच्या सभासदत्वासाठीं त्यांचें नांव पुढें आलें, तेव्हां अगदीं थोड्या मतांनीं तें पडलें व एदुआर ब्रांली हे निवडून आले. त्या अकादमींत पूर्ण सभासद म्हणून पहिली स्त्री निवडली जाण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. क्यूरीबाईंच्या आड त्यांचें स्त्रीहृदय आलें नाहीं. आड आली ती दार लावून बसलेली संस्था.

वेल्स ह्यांची नायिका संसारांत विरघळून गेली. दुसरा साचा ह्याच्या बरोबर उलट आहे. त्यांत स्त्री प्रयोगशाळेंत टिकते, परंतु तिचें हृदय आटून गेलेलें असतें. ह्या साच्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखक आयझॅक ॲसिमोव्ह ह्यांची डॉक्टर सुझन कॅल्व्हिन. १९४१ सालच्या एका कथेंत ती प्रथम अवतरली, आणि १९५० सालीं निघालेल्या ‘आय, रोबोट’ ह्या संग्रहामुळें जगभर पोंचली. यंत्रमानव बनविणाऱ्या एका काल्पनिक कंपनींत त्या यंत्रांच्या मनाचा अभ्यास करणें हें तिचें काम. तिच्यावांचून कंपनीचें पान हलत नाहीं. जेथें पुरुष यंत्रज्ञांची मति कुंठित होते, तेथें ती शांतपणें विचार करून उत्तर काढते. बुद्धीच्या बाबतींत लेखकानें तिला कोठेंहि कमी लेखलेलें नाहीं, आणि त्या काळच्या मासिकांतील कथांचा विचार करतां ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु तिचें रूप पाहावें. सामान्य चेहरा, थंड वृत्ति, जन्मभर अविवाहित. त्या पहिल्याच कथेंत एक यंत्रमानव दुसऱ्याच्या मनांतील विचार ओळखूं शकतो. समोरच्याला दुःख होऊं नये म्हणून तो त्याला रुचेल तें सांगत सुटतो. एका तरुण सहकाऱ्याचें तुझ्यावर प्रेम आहे, असें तो डॉक्टर कॅल्व्हिनला सांगतो. ती ओठांना, गालांना रंग लावूं लागते. कचेरींतील माणसांच्या तें ध्यानांत येतें. मग त्या तरुणाचें लग्न दुसरीकडे ठरलें असल्याचें कळतें, आणि ती अपमानानें पेटून त्या यंत्राला अशा कोड्यांत पकडते कीं त्याची बुद्धि कायमची नष्ट होते. पुढें १९५८ सालच्या ‘लेनी’ ह्या कथेंत, अर्भकासारखी समज असलेल्या एका यंत्रावर तिचें वात्सल्य जडलेलें दाखविलें आहे. ह्या सर्वांचा मथितार्थ वाचकाच्या मनांत आपोआप उतरतो. बाई कितीहि विदुषी असो, आंतून ती पति आणि मूल ह्यांसाठींच झुरत असते, आणि तीं न मिळाल्यामुळेंच ती विदुषी झालेली असते! त्याच कथांतील अविवाहित पुरुष यंत्रज्ञ कशासाठीं झुरतात, हें सांगण्याचें लेखकाला कारण पडत नाहीं.

हे साचे कादंबरींतच राहते तर त्यांची चर्चा एवढी आवश्यक झाली नसती. परंतु साचा एकदां मनांत ठसला कीं जिवंत माणसेंहि त्यांतूनच दिसूं लागतात. रोझालिंड फ्रँकलिन ह्या इंग्रज विदुषीची गोष्ट ह्याला साक्ष आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्यें क्ष-किरणांच्या साह्यानें आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, रचनेचा त्या शोध घेत होत्या. १९५२ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं घेतलेलें एक छायाचित्र त्यांच्या नकळत जेम्स वॉटसन ह्यांना दाखविण्यांत आलें. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक ह्यांनीं ती दुपेडी रचना जाहीर केली. १९५८ सालीं, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, फ्रँकलिनबाई निवर्तल्या. १९६८ सालीं वॉटसन ह्यांनीं ह्या शोधाची हकीकत ‘द डबल हेलिक्स’ ह्या पुस्तकांत लिहिली. तें कादंबरीसारखें चटकदार असल्यामुळें घरोघरीं वाचलें गेलें. त्यांत फ्रँकलिनबाई येतात त्या एका सलगीच्या टोपणनांवानें. त्या ओठ रंगवीत नाहींत, पोशाखाकडे लक्ष देत नाहींत, रागीट आहेत, अशी त्यांची ओळख वाचकाला होते. म्हणजे डॉक्टर कॅल्व्हिनच जणूं पुन्हां पुढें येऊन उभी राहते. पुस्तकाच्या अखेरीस, बाईंविषयींचीं आपलीं पहिलीं मतें पुष्कळदां चुकीचीं होतीं, असें वॉटसन ह्यांनींच लिहून ठेवलें आहे. परंतु अखेरचीं दोन पानें किती जण लक्षपूर्वक वाचतात? छायाचित्रापेक्षां ओठांचा रंगच लोकांच्या अधिक लक्षांत राहिला.

आतां तिसरा साचा. हा अगदीं अलीकडचा. बॉनी गार्मस ह्या अमेरिकन लेखिकेनें साठी उलटल्यावर लिहिलेली ‘लेसन्स इन केमिस्ट्री’ ही पहिली कादंबरी २०२२ सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिकाहि झाली. कथेचा काळ १९५० नंतरच्या दहाबारा वर्षांचा, स्थळ कॅलिफोर्निया. नायिका एलिझाबेथ झॉट ही रसायनशास्त्रज्ञ. विद्यापीठांत तिच्यावर तिच्या मार्गदर्शकाकडूनच अत्याचार होतो आणि शिक्षा मात्र तिला मिळते. डॉक्टरेटची वाट बंद होते. संशोधनसंस्थेंत तिचा वरिष्ठ तिचें काम स्वतःच्या नांवावर खपवितो. ज्याच्यावर तिचें प्रेम आहे तो थोर शास्त्रज्ञ अपघातांत मरण पावतो. अविवाहित असतांना ती गरोदर राहते, म्हणून नोकरी जाते. तेव्हां ती स्वयंपाकघरांतच प्रयोगशाळा मांडते, आणि योगायोगानें दूरचित्रवाणीवर पाककृतींचा कार्यक्रम करूं लागते. मिठाला ती सोडियम क्लोराइड म्हणते, शिर्क्याला ॲसेटिक ॲसिड म्हणते, आणि समोर बसलेल्या हजारों गृहिणींना त्या गृहिणी म्हणून नव्हे तर विचार करणाऱ्या व्यक्ति म्हणून वागविते. चूल आणि शास्त्र ह्यांमधील भिंत पाडण्याची ही कल्पना मोठी मार्मिक आहे. वरणाला फोडणी देणारी स्त्री रोज रसायनशास्त्र करीत असते. तिला त्याचें नांव कोणी सांगितलेलें नसतें, एवढेंच.

एलिझाबेथ झॉट संसारांत विरघळत नाहीं आणि शुष्कहि होत नाहीं. तिला प्रेम आहे, मूल आहे, बुद्धि आहे, आणि ती कोणासमोर मान तुकवीत नाहीं. स्त्रीवादाच्या दृष्टीनें ही प्रगति निःसंशय आहे. तथापि ह्या साच्यांतहि एक उणीव राहते. ही नायिका सर्वगुणसंपन्न आहे; आणि तिला छळणारे लोक जवळजवळ सारे नीच आहेत. वाचकाचा राग त्या नीच माणसांवर निघतो, आणि पुस्तक मिटतांना त्याला वाटतें कीं तीं दोनचार माणसें तेवढीं वाईट नसतीं तर सर्व सुरळीत झालें असतें. शेवटहि तसाच होतो. एक धनवान स्त्री ती संशोधनसंस्थाच विकत घेते व नायिकेला तिच्या योग्यतेची जागा मिळते. एकीचा उद्धार झाला. बाकीच्यांचें काय, हा प्रश्न तसाच राहतो.

इतिहास पाहिला तर दिसतें कीं, अन्याय होण्यास खलनायक लागतोच असें नाहीं. नियम पुरेसा असतो. व्हिएन्नाच्या विद्यापीठाची पदार्थविज्ञानांतील डॉक्टरेट घेतलेल्या लीझे माइटनर १९०७ सालीं बर्लिनला आल्या. तेथील रसायन संस्थेचे प्रमुख एमिल फिशर हे नोबेल पारितोषिक मिळविलेले थोर शास्त्रज्ञ. वृत्तीनेंहि दुष्ट नव्हेत. पण त्यांच्या संस्थेंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तोड निघाली ती अशी कीं, माइटनरबाईंनीं तळघरांतील पूर्वीं सुतारकामासाठीं असलेल्या खोलींत काम करावें, बाहेरच्या निराळ्या दारानें यावें-जावें, आणि वर विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेंत पाऊल टाकूं नये. पुढें प्रशियाच्या सरकारनें विद्यापीठें स्त्रियांना खुलीं केलीं, तेव्हां त्याच फिशर ह्यांनीं बंदी उठविली. माणूस तोच होता. नियम बदलला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीनें पहिल्या दोन स्त्रियांना सभासद करून घेतलें तें १९४५ सालीं. केंब्रिज विद्यापीठानें स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें पूर्ण पदवी दिली ती १९४८ सालापासून. ह्या विलंबाला कोणा एकाचा दुष्टपणा कारण नव्हता. सज्जनांनीं न विचारलेला प्रश्न कारण होता.

नवलाची गोष्ट ही कीं, हें मर्म ज्या कथेंत सर्वांआधीं पकडलेलें दिसतें, ती ह्या तिन्ही कादंबऱ्यांच्या पूर्वींची असून आपल्याच देशांत लिहिली गेली आहे. बिहारमधील भागलपूर येथें राहणाऱ्या रुकैया सखावत हुसेन ह्या बंगाली मुसलमान बाईंनीं ‘सुलतानाज् ड्रीम’ नांवाची इंग्रजी कथा लिहिली. १९०५ सालीं मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्यें ती छापून आली. त्या स्वप्नांतील देशांत पुरुष पडद्यांत राहतात व स्त्रिया कारभार पाहतात. तेथील राणीनें मुलींसाठीं शाळा काढल्या आणि एकवीस वर्षांच्या आंत कोणाहि मुलीचा विवाह होऊं नये असा हुकूम दिला. स्त्रियांचीं दोन विद्यापीठें झालीं. एकानें ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा केला, दुसऱ्यानें सूर्याची उष्णता सांठविण्याची युक्ति काढली; आणि पुरुषांचें सैन्य हरल्यावर त्याच सांठविलेल्या उष्णतेनें शत्रूला पिटाळून लावलें. कथा विनोदी आहे. पुरुषांना घरांत कोंडण्याची सूचना कोणी खरी मानावी असा लेखिकेचा हेतु नाहीं. परंतु तींत अलौकिक नायिका अशी कोणी नाहीं. आधीं शाळा, मग विवाहाच्या वयाचा नियम, मग विद्यापीठ, मग शोध, अशी पायरीपायरीनें मांडणी आहे. स्त्रीचा स्वभाव बदलला म्हणून ती शास्त्रज्ञ झाली नाहीं; नियम बदलले म्हणून झाली.

मराठींत ह्या विषयाच्या जवळ जाणारी सर्वांत लोकप्रिय कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी ह्यांची १९६८ सालची ‘आनंदी गोपाळ’. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झालेल्या आणि दुसऱ्याच वर्षीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, क्षयानें दिवंगत झालेल्या आनंदीबाई जोशी ह्यांची ती कथा. कादंबरीवरून नाटक झालें, २०१९ सालीं चित्रपटहि झाला, आणि पिढ्यान् पिढ्या मराठी घरांतून ती अश्रूंसह वाचली गेली. तिच्या नांवापासूनच एक गोष्ट ध्यानांत येते : आनंदीच्या जोडीला गोपाळ आहेत. बायकोनें शिकलेंच पाहिजे असा हेका धरणारे, प्रसंगीं तिच्यावर हात टाकणारे, विक्षिप्त गोपाळराव हे त्या कथेचें अर्धें बळ आहे. त्यामुळें वाचकाच्या मनावर ठसतो तो पतीचा हट्ट व पत्नीचें सोसणें. तें खोटें नाहीं. परंतु चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या ह्या मुलीला वैद्यक शिकावेंसें वाटलें, आणि १८८३ सालीं श्रीरामपूर येथील सभेंत, मी अमेरिकेस कां जातें, हें तिनें स्वतः उभें राहून सांगितलें, ही तिच्या स्वतःच्या बुद्धीची बाजू त्या अश्रूंमागें काहींशी पुसट होते. तिनें प्रबंध कशावर लिहिला, असें त्या कादंबरीच्या चाहत्यांना विचारल्यास उत्तर सहज येईल काय? तो प्रसूतिशास्त्रावर होता.

आनंदीबाईंनंतर अर्ध्या शतकानें आणखी एका मराठी मुलीनें असेंच एक दार ठोठावलें. दुर्गाबाई भागवत ह्यांची बहीण कमला भागवत, पुढें कमला सोहोनी, ह्यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेंत उत्तम यश मिळवून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनीं, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. तेव्हां त्यांना एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर घेण्यांत आलें. तें वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नव्हत्या, आणि आपल्या उपस्थितीमुळें पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित होणार नाहीं ह्याचीहि जबाबदारी त्यांच्यावरच होती! हा अपमान आहे हें त्या जाणून होत्या. तसें त्यांनीं पुढें बोलूनहि दाखविलें. पण त्यांनीं काम केलें, तें रामन ह्यांना पसंत पडलें, आणि मग त्यांना रीतसर प्रवेश मिळाला. पुढें केंब्रिजला जाऊन त्यांनीं वनस्पतींतील सायटोक्रोम-सी ह्या द्रव्यावर काम केलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या विज्ञान संस्थेंत त्यांनीं नीरेच्या पोषणमूल्यावर केलेलें संशोधन प्रसिद्ध आहे. विवाह १९४७ सालीं झाला. संसारहि झाला, संशोधनहि झालें.

ह्या हकीकतींत कादंबरीला लागणारें सर्व साहित्य आहे. परंतु तिचें खरें मर्म नायिकेच्या धैर्यापेक्षांहि त्या एका वर्षांत आहे. त्या वर्षीं एका मुलीची नव्हे, सर्व मुलींची परीक्षा घेतली गेली. तिचा प्रयोग फसता, ती आजारी पडती, किंवा तिला नुसता कंटाळा येता, तर मुली ह्या कामाला अयोग्य असा निकाल लागला असता. त्याच वर्षीं त्याच संस्थेंत कित्येक मुलांचे प्रयोग फसले असतील. त्यावरून पुरुषजातीविषयीं कोणीं अनुमान काढलें नाहीं. स्त्रीला असामान्य असावें लागतें, आणि पुरुषाला सामान्य राहण्याची मोकळीक असते. विषमता म्हणतात ती हीच. १९४० सालीं रामन ह्यांच्याच प्रयोगशाळेंत अण्णा मणि संशोधन करूं लागल्या व पुढें हवामानशास्त्रांत त्यांनीं मोठें नांव कमावलें. दार उघडें राहिलें, हें कमलाबाईंच्या पदवीइतकेंच मोलाचें फळ होय.

तेव्हां ह्या लोकप्रिय कादंबऱ्या वाचूंच नयेत काय? अवश्य वाचाव्या. ॲन व्हेरोनिकानें असंख्य मुलींना घराबाहेरचें जग दाखविलें असेल. डॉक्टर कॅल्व्हिननें, बुद्धि ही पुरुषाची मिरास नव्हे, हें दाखविलें. एलिझाबेथ झॉटनें स्वयंपाकघराला प्रतिष्ठा दिली. आनंदीच्या कथेनें मराठी घरांत मुलीच्या शिक्षणाविषयीं हळवी का होईना, पण आस्था निर्माण केली. मात्र वाचतांना तीन प्रश्न जवळ ठेवावे. पहिला : नायिका शास्त्रज्ञ आहे असें सांगितलें आहे, पण तिचें शास्त्र कोठें दिसतें काय, कीं तें फक्त पोशाखासारखें अंगावर घातलेलें आहे? दुसरा : ज्ञानासाठीं तिच्याकडून जी किंमत घेतली जाते, ती त्याच कथेंतील पुरुषाकडूनहि घेतली जाते काय? आणि तिसरा : नायिका दारांतून आंत गेल्यावर दार उघडें राहतें, कीं तिच्या पाठीमागें पुन्हां बंद होतें?

२०२० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एमॅन्युएल शार्पान्तिये व जेनिफर डाउडना ह्या दोन स्त्रियांना मिळालें, आणि त्यांत कोणी पुरुष वाटेकरी नव्हता. म्हणून सर्व झालें असें नव्हे. मुलीची बुद्धि पाहण्याआधीं तिच्या लग्नाचें वय मोजणारीं घरें आहेत, आणि तिनें विज्ञान शिकावें पण फार शिकूं नये असें मानणारीं सुशिक्षित घरेंहि आहेत. प्रयोगशाळेच्या दारावरील पाट्या काढून टाकतां येतात. मनांतील पाट्या कथांनीं लिहिलेल्या असतात, व त्या कथांनींच पुसाव्या लागतात. ज्या कादंबरींतील शास्त्रज्ञ स्त्री अलौकिक नसेल, शुष्क नसेल, हुतात्माहि नसेल; सकाळीं डबा घेऊन कामाला जाईल, एखादा प्रयोग बिघडवील, दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां करील, आणि तिच्या स्त्रीपणाविषयीं कोणाला कांहीं विचारावेंसें वाटणार नाहीं, त्या कादंबरीची वाट पाहण्यासारखी आहे. तोंवर घरांतील मुलीनें विज्ञानाचें पुस्तक उघडलें, तर तिच्या हातून तें काढून न घेणें, एवढें तरी घरच्यांच्या हातीं आहे.